कोर्टआजीची हाजिरी

सत्यफुलाबाई कोणाचंही नाव पुकारायच्या ते तीनदाच. पहिल्यांदा मोठ्यानं, दुसऱ्यांदा त्याहून मोठ्यानं, आणि तिसऱ्यांदा अशा की बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडे धान निंदणाऱ्या बाया कंबर सरळ करून इकडे पाहायच्या. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही तर त्या मान हलवून म्हणायच्या, "गैरहाजर." मग ते माणूस धावत येऊन पुढ्यात उभं राहिलं तरी थोडा वेळ त्याच्याकडे पाहायच्या नाहीत.

ही सवय कोर्टातली. त्यांचे मालक तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. ते वारले आणि त्यांच्या जागी बाई लागल्या. निवृत्त होईपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून वादी, प्रतिवादी, साक्षीदार, आरोपी सगळ्यांना त्यांनी नावानं हाका मारल्या. पहिल्या दिवशी आवाज घशातच राहिला होता म्हणे. वकील हसले. आतून साहेबांनी विचारलं, पुकारा झाला का? झाला होता, पण कोणी ऐकलाच नव्हता.

"त्या दिवशी घरी आली अन विहिरीत तोंड घालून वरडली," त्या सांगायच्या. "आठ दिवस वरडली. विहीरच म्हनली असंल, बस कर वो माय."

मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसं समोर असली की मला बोलता येत नाही, जे बोलायचं ते घरी आल्यावर आठवतं. म्हणून ही वही. सत्यफुलाबाईंचं घर शाळेच्या समोरच होतं. आमच्या गावच्या पोरींचा कबड्डीचा संघ होता, आणि पोरी बाहेरगावी खेळायला जाणार असतील तर सोबत एक बाई पाहिजे, असं वरून पत्र आलं होतं. शाळेत शिक्षिका एकच, तिचं लेकरू अंगावरचं. हेडमास्तर सत्यफुलाबाईंकडे गेले.

"बाई, तुम्ही रिकाम्याच आहात. जाल का पोरींसोबत?"

"जाईन. कागदावर द्या."

हेडमास्तर हसले, पण बाई हसल्या नाहीत. शिक्का मारलेलं पत्र हातात आल्यावरच त्यांनी चप्पल घातली. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी आपल्या कापडी थैलीत ठेवला. त्या थैलीत कार्बन पेपर, शाईचं पॅड, फुटाणे आणि चष्म्याचा तुटलेला दांडा असे. कोणालाही काही दिलं की त्या पोच मागत. एकदा त्यांनी मला झाडाची लिंबं आणून दिली आणि हात पुढे करून म्हणाल्या, "पोच?" मी घाबरून इकडे तिकडे कागद शोधायला लागले, तर केवढ्या हसल्या.

पोरी त्यांना कोर्टआजी म्हणायच्या. गाडीत बसण्याआधी बारा पोरींची हाजिरी, उतरल्यावर हाजिरी, जेवणाआधी हाजिरी. ज्याचं नाव त्यानंच ओ द्यायची. एकदा सानगडीहून सामने खेळून परत येताना एका पोरीनं दुसरीच्या नावाला "हाजिर" म्हटलं. बाईंनी दोन कोसांवर गाडी थांबवली.

"हा आवाज तिचा नोहे."

ड्रायव्हर वैतागला. "आजी, पोरी भरल्या गाडीत, मी मोजल्या."

"तू डोकी मोजली गा. मी आवाज मोजून रायली."

गाडी परत फिरवली. ती पोर मैदानामागच्या मोहाच्या झाडाखाली, डोक्याखाली बूट घेऊन गाढ झोपली होती. ड्रायव्हरनं तिच्याच जागेवर दुसऱ्या गावची एक पोर मोजली होती, फुकट बसून आलेली. 

संघाला शिकवायला तालुक्याच्या एका क्रीडा मंडळाचे सर येत. त्यांचं नाव लिहीत नाही, तो निकाल कोर्टाचा आहे. संघ जिल्ह्यात पहिला आला होता तेव्हा गावानं त्यांना ट्रॅक्टरवर बसवून फिरवलं होतं. त्यांच्याकडे आधी शिकलेली एक पोर खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागली होती. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या आयांना ती वर्दी दिसायची. सरांना कोणी काही विचारत नसे.

एकदा सरांनी छापील फॉर्म पाठवले, पालकांच्या सहीसाठी. रोवणीचे दिवस होते, बायांना वेळ नव्हता. माझी सही बरी येते म्हणून चौघीजणी म्हणाल्या, सुमन, आमचीही तूच करून टाक. मी केली. चूल पेटलेली, हातात उलथणं, आणि मी चार बायांच्या नावानं चार सह्या केल्या. मला वाटलं मी मदत केली.

सत्यफुलाबाई संध्याकाळी आल्या. "काय लिवलं हाये याच्यात?"

"सह्या झाल्या बाई."

"सह्या नाही विचारल्या. वाचलं का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मला ओट्यावर बसवून बोट ठेवून वाचायला लावलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की सरावात, प्रवासात काहीही झालं तरी जबाबदारी पालकांची, आणि पालक कोणाविरुद्ध कधीही तक्रार करणार नाहीत.

"अशा कागदाचं कोर्टात काय होते, मी पाह्यलं हाये," त्या म्हणाल्या. "मायबापानं सही केली म्हनून पोरीचा हक्क मरत नाही. पन मायबापाले वाटते का मेला. त्याच्यासाठीच हे छापतेत." त्यांनी बाराही फॉर्मवरची ती ओळ पट्टीनं सरळ खोडली. मग मला म्हणाल्या, "अन तू. दुसऱ्याच्या नावानं सही करत जाऊ नको. हात मोडला असता तरी चाललं असतं."



त्यांच्यात आणि सरांच्यात आधी पाण्यावरून जुंपली. त्यांच्या गटाच्या सामन्यांना पोरीचं वजन ठरलेल्या आकड्याच्या आत लागतं. एखादी किलोभर जास्त भरली की सर तिला भर दुपारी स्वेटर घालून पळवायचे आणि पाणी बंद करायचे. एक पोर चक्कर येऊन पडली तेव्हा बाई घरी गेल्या, भरलेली कळशी डोक्यावर घेऊन आल्या आणि मैदानाच्या मधल्या रेषेवर ठेवली.

"बाई, वजन वाढेल," सर म्हणाले.

"वाढू द्या. पोरगी वाढून रायली, वजन वाढनारच."

"मग संघात बसणार नाही ती."

"या गटात नाही बसली तर वरच्या गटात बसंल. पन पानी पिऊ नको, हे मले कागदावर द्या. कोनत्या नियमात हाये ते."

कागद काही आला नाही. कळशी तिथंच राहिली, रोज.

मग काट्याची गोष्ट. शाळेच्या कोठीत खिचडीच्या तांदळाची पोती असतात आणि पोती तोलायचा मोठा वजनकाटा. कोठीची चावी माझ्या कमरेला. सर येऊन चावी मागायचे आणि पोरींचं वजन तिथं घ्यायचे. एकेक पोर आत, दार लोटलेलं. वाऱ्यानं काटा हलतो, असं ते सांगायचे. मला ते कसंसंच वाटायचं, पण मोठ्या माणसाला काय म्हणावं ते सुचत नव्हतं. बाईंच्या नजरेस पडलं त्या दिवशी त्यांनी दोन पोरींना हाताशी धरून काटा ओढत बाहेर व्हरांड्यात आणला.

"तांदूळ तोलताना दार उघडं असते," त्या म्हणाल्या, "अन पोरी तोलताना बंद काहून?"

सर हसत म्हणाले, "तुम्हाला सगळीकडे कोर्टच दिसते, आजी."

"मी घेनार पोरींचं वजन. तुम्ही तिकडं उभं राहून आकडा लिवा."

तेव्हापासून काटा व्हरांड्यात.

पुढच्या थंडीत बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या. पंधरा दिवस. जाताना मला म्हणाल्या होत्या, काटा बाहेरच राहील हे तू पाहा. दुसऱ्याच आठवड्यात काटा पुन्हा कोठीत गेला. सरांनी हात पुढे केला, "सुमनबाई, चावी." मी दिली. नाही हा शब्द माझ्या तोंडात होता, मला त्याची चव आठवते. पण मी चावी दिली.

त्या दिवशी एक पोर कोठीतून बाहेर आली ती रडत. ओढणी पायात येत होती तरी थांबली नाही. माझ्या अंगावरून गेली. मी हाक मारली, तिनं वळून पाहिलं आणि पळाली. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. कोणाची, गावाच्या कोणत्या टोलीत राहणारी, तेही नाही. ही वही कोणी वाचत नाही, तरीही नाही.

बाई परत आल्या त्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. आल्या आल्या मैदानावर हाजिरीला उभ्या. एका नावाला तीन हाका गेल्या. ती पोर नेहमी पहिल्या हाकेला ओ देणारी. बाईंनी "गैरहाजर" म्हटलं नाही. त्या वळल्या आणि त्या एका डोळ्यानं सरळ माझ्याकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी भाताच्या गंजात पाहू लागले.

त्या आत आल्या, दार उघडंच ठेवलं, माझ्याजवळ पाटावर बसल्या.

"काय झालं सुमन?"

मी उलथणं फिरवत राहिले.

"काटा आत गेला होता न?"

मी मान हलवली.

"पाहा सुमन. पोरीच्या बाबतीत काही वाईट झालं हे माहीत हाये अन सांगितलं नाही, तर तो बी गुन्हा हाये. कायद्यातच हाये. मी तुले भेव दाखवून नाही रायली. मी सांगून रायली का कायदा तुले बोल म्हनते. तू भांडखोर नाही. तुले बोलाचंच हाये."

"मला नाही जमत बाई बोलायला."

"तोंडानं नाही जमत, तर हातानं कर." त्यांनी थैलीतून दोन कागद काढले, मध्ये कार्बन ठेवला. "जे पाह्यलं तेवढंच लिव. वाटलं ते नको."

मी लिहिलं. भात खाली लागला, पोरं जेवायला येऊन बसली, मी लिहीतच होते. दोन पानं झाली. आयुष्यात एवढं मी पहिल्यांदा लिहिलं. शेवटी लिहिलं, 'चावी मी दिली.' मग विचारलं, "हे खोडू का?"

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "खरं हाये न?"

"हो."

"मग राहू दे."

बाई त्या पोरीच्या घरी एकट्याच गेल्या. तिच्या आईशी आणि तिच्याशी काय बोलल्या ते मला त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या, ती आई आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार दिली, बाईंनी पोच घेतली. पोरीचा जबाब घ्यायला ठाण्यातून एक मॅडम घरी आल्या त्या साध्या सलवार-कुडत्यात, पाहुणी आल्यासारख्या. वर्दी घालून यायचं नाही, पोरीला ठाण्यात बोलवायचं नाही, असं कायद्यातच आहे. बाईंनी हे सगळं मला आधीच सांगितलं होतं. मॅडम खरंच तशा आल्या तेव्हा माझा कायद्यावर पहिल्यांदा विश्वास बसला.

पण गाव गावच असतं. सरांना पोलिसांनी नेलं ही बातमी पोचली. कोणत्या पोरीमुळे, हे कोणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला कधी न येणारी माणसं येऊन बसली. कोण आली नाही, कोणाचं नाव पुकारलं जात नाही, ते ऐकायला.

ऐकायला काही मिळालं नाही, कारण मैदानावर पोरच नव्हती. आदल्या संध्याकाळी बाईंनी मला घरोघरी पाठवलं होतं. ज्या चौघींच्या सह्या मी केल्या होत्या त्यांच्याकडे आधी. "एक पोर घरी बसली तर गाव मोजते," बाईंनी मला शिकवून दिलं होतं, "बाराही बसल्या तर काय मोजन?" मी दारात उभी राहून, पदर मुठीत धरून हे एवढंच बोलले, बारा दारांत. एका आईनं विचारलं, "कोनाची पोर वो?" मी म्हटलं, "आपली." तिनं पुढे विचारलं नाही. बाराही पोरी आठ दिवस घरी राहिल्या. नवव्या दिवशी बाराही एकदम आल्या. तीही.

त्या दिवसापासून बाईंनी हाजिरी बंद केली. जन्मभर ज्यांनी नावं पुकारली त्या बाई आता प्रत्येक पोरीजवळ जाऊन डोक्याला हात लावायच्या आणि मनात मोजायच्या. कोणी मुद्दाम विचारलं, "आजी, आवाज कुठं गेला?" तर म्हणायच्या, "डोळ्याच्या डॉक्टरनं वरडू नको म्हनलं." आणि वर, "तुमच्या कानाचं काय म्हनलं डॉक्टरनं?"

सरांच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष एकदा शाळेत आले. चांगलंच बोलत होते, म्हणून जास्त भीती वाटत होती.

"बाई, संघ तुमचा मोडून जाईल. पुढच्या महिन्यात सामने आहेत. प्रशिक्षक नाही तर आम्ही नाव कसं पाठवायचं? पोरींचं भविष्य पाहा. मिटवून घ्या."

"हे मिटवाचं नसते. माझ्या हातात बी नाही, तुमच्या बी नाही," बाई म्हणाल्या. "प्रशिक्षक गेला. पोरी हायेत. बारा. तक्रार केली म्हनून यायले खेळू देनार नाही, असं मले कागदावर द्या."

"असं कुठं म्हटलं मी?"

"तेच सांगून रायली. म्हनत नसाल तर नावं पाठवा. म्हनत असाल तर लिवून द्या. सुमन, कागद दे वो साहेबाले. कार्बन बी दे."

मी कागद नेऊन ठेवला. अगदी त्यांच्या समोर, कार्बनसकट. अध्यक्षांनी पेन काढलं नाही. नावं गेली. करडी गावची एक बाई, पूर्वी चांगली खेळलेली, शिकवायला तयार झाली. संघ उपांत्य सामन्यात हरला. पोरी रडल्या. बाईंनी प्रत्येकीला फुटाणे दिले आणि म्हणाल्या, हरल्यावर भूक लागते.

भंडाऱ्याच्या कोर्टात त्या पोरीची साक्ष झाली तेव्हा तिच्यासोबत बसायला तिनं बाईंना मागितलं होतं. पोरीला ज्याचा भरवसा वाटतो ते माणूस सोबत बसू शकतं. मीही साक्षीदार म्हणून बाहेर बाकावर होते. त्या व्हरांड्यात तिथला शिपाई पुकारा करायला आला तेव्हा मी बाईंकडे पाहिलं. त्या सरळ होऊन बसल्या होत्या, जणू परीक्षा पाहत होत्या. शिपायानं फक्त खटल्याचा नंबर सांगितला. नाव नाही. एकदाच, हळू आवाजात. बाईंनी मान हलवली.

"बराबर हाये," त्या म्हणाल्या, आणि पोरीचा हात धरून उठल्या. आत मध्ये पडदा लावलेला होता, आरोपीला पोर दिसू नये आणि पोरीला तो दिसू नये म्हणून. मला बोलावलं तेव्हा मी लिहिलं होतं तेवढंच बोलले. चावी मी दिली, हेही बोलले. सगळे ऐकत होते आणि मला आवाज फुटला.

खटला अजून चालू आहे. बाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या, झोपेतच. त्यांची थैली त्यांच्या लेकीनं मला दिली. तारखेला मी जाते, पोच घेते. काटा व्हरांड्यात आहे आणि चावी मागणाऱ्याला मी विचारते, कशाला.

पण मला त्या दिसतात त्या साक्षीनंतरच्या आठवड्यातल्या. सराव संपला होता, पोरी अंग झाडत होत्या. बाई एकेकीच्या डोक्याला हात लावत निघाल्या होत्या. त्या पोरीजवळ आल्या तशी ती मागे सरकली.

"आजी, असं नाही," ती म्हणाली. "नाव घ्या न."

"काहून?"

"घ्या न. सगळ्यायचं घ्या. पहिल्यासारखं."

बाईंनी हात मागे घेतला. मग मैदानाच्या कडेला गेल्या, पाय थोडे फाकवून उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि सुरू केलं. पहिलं नाव. दुसरं. पोरींनी आपसांत डोळे मिचकावले आणि एकही पहिल्या हाकेला ओ देईना. सगळ्यांना तीनही हाका पाहिजे होत्या. बाईंच्या लक्षात आलं, पण त्यांनी कोणालाच गैरहाजर म्हटलं नाही. त्या पोरीचं नाव बाराव्या जागी होतं. पहिली हाक गेली, ती गप्प. दुसरी गेली, ती खाली मातीकडे पाहत हसत होती. तिसरी हाक बाईंनी अशी मारली की बोडीच्या पलीकडच्या बायांनी कंबर सरळ केली.

"हाजिर," ती म्हणाली.